‘साहेब, आता काय करू?’ : कामाच्या जागी कोचिंग रुजवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतले शिफ्ट इन्चार्ज, हिंजवडी-खराडीतले टीम लीड, एचआरची माणसं आणि लहान कारखान्यांचे मालक यांच्याकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं कामापुरती दिली आहेत.

पुण्यात ‘कोचिंग’ म्हटलं की क्लासच आठवतो. हे त्यातलंच का?

नाही, आणि हा घोळ पहिल्याच मीटिंगमध्ये मिटवलेला बरा. सदाशिव पेठेतल्या एमपीएससीच्या क्लासमध्ये उत्तर सरांकडे असतं आणि ते फळ्यावर येतं. कामाच्या जागचं कोचिंग उलटं चालतं. काम ज्याच्या हातात आहे, त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच माहितीतून पुढची पायरी त्याला काढू द्यायची. हा प्रकार आला खेळाच्या मैदानातून. अमेरिकेत टिमोथी गॅलवे टेनिस शिकवायचे. ‘रॅकेट अशी धर’ असं सांगण्यापेक्षा ‘चेंडू कुठे टप्पा घेतोय ते बघ’ असं म्हटलं तर माणूस लवकर शिकतो, हे त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं. पुढे इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर यांनी ते कंपन्यांत नेलं. हे गृहस्थ मूळचे मोटार रेसर.

नोटीस बोर्डावर ‘कोचिंग’ लिहायलाच पाहिजे असं नाही. ‘पंधरवड्याची वीस मिनिटं’ म्हटलं तरी काम तेच होतं, आणि कुणी वही-पेन घेऊन बाकावर येऊन बसत नाही.

ट्रेनिंग आमच्याकडे आहेच. मेंटॉरही नेमलेत. मग हे वेगळं काय?

नव्या मुलाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येत नसेल तर ते ट्रेनिंग. ‘मी डिप्लोमा पुढे करू की नाही’ असं तो अनुभवी माणसाला विचारतो, तिथे मेंटॉर लागतो. घरच्या काळजीने झोप उडाली असेल तर समुपदेशक. आणि व्हर्नियर येतो, मशिन येतं, तरी दर तासाला ‘साहेब, आता काय करू’ म्हणत केबिनच्या दारात उभा राहतो, तिथे कोचिंग. बहुतेक कंपन्या या चौथ्या दुखण्यावर पहिलं औषध देतात: पुन्हा ट्रेनिंगला बसवतात. गुण येत नाही, कारण माहिती कमी नव्हतीच. ठरवायची सवय कमी होती, आणि ती सवय मोडणारे बहुतेकदा आपणच असतो.

‘संस्कृती’ हा फार मोठा शब्द झाला. प्रत्यक्षात काय दिसायला हवं?

एकच गोष्ट बघा. माणूस अडचण घेऊन येतो तेव्हा वरिष्ठाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? ते उत्तर असतं की प्रश्न? दहातल्या सहा-सात वेळा प्रश्न असेल, आणि विचारणारा एकटा एचआर मॅनेजर नसून लाइनवरचा सुपरवायझर असेल, तर रुजलं असं समजा. भिंतीवरच्या पोस्टरवरून काही कळत नाही.

नेमकं बोलायचं काय? एक उदाहरण द्या.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ. नगाचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे २० मायक्रॉन. ऑपरेटर येतो: ‘साहेब, साइज प्लस जातोय.’ नेहमीचं उत्तर दहा सेकंदांचं: ‘दहा मायक्रॉन ऑफसेट दे’, म्हणजे मशिनमध्ये मापाची तेवढी दुरुस्ती भर. तो देतो, जातो आणि तासाभराने परत येतो. आता हेच दुसऱ्या पद्धतीने. (यातला इन्सर्ट म्हणजे हत्याराचं बदलता येणारं, कापणारं टोक.)

‘कसा जातोय? एकदम उडाला की हळूहळू?’
‘हळूहळू. दर दहा नगांना चार-पाच मायक्रॉन. सकाळपासून तीनदा ऑफसेट दिला.’
‘इन्सर्टवर किती नग झाले?’
‘बघावं लागेल... एकशे ऐंशी.’
‘आणि नवा लावला तेव्हा साइज कसा होता?’
‘पहिले शंभर नग हललाच नव्हता.’
‘मग काय वाटतं?’
‘इन्सर्ट घासलाय. मी नुसता ऑफसेट देत बसलोय.’
‘यापुढे काय करशील?’
‘काउंटर लावतो. सव्वाशेला बदलून बघतो.’
‘बरं. उद्या अकराला मशिनवर येतो, तेव्हा वाचनं दाखव.’

तीन-चार मिनिटं गेली. पण इन्सर्ट संपेपर्यंत ऑफसेट देत राहिलं की आधी फिनिश बिघडतो आणि शेवटी कडा तुटून जॉब स्क्रॅप होतो, हे आता त्याच्या स्वतःच्या आकड्यांतून त्याला दिसलं. पहिला प्रश्न ‘एकदम की हळूहळू’ हाच का? एकदम उडाला असता तर इन्सर्टचा तुकडा उडालेला असू शकतो किंवा जॉब चकमध्ये नीट बसलेला नसू शकतो. सकाळी मशिन चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच सरकत असेल तर मशिन तापण्याचा मामला. म्हणजे प्रश्न विचारायलाही विषय कळावा लागतो. ‘कोचला विषय आला नाही तरी चालतं’ हे बाहेरच्या कोचपुरतं ठीक आहे, शिफ्ट इन्चार्जपुरतं नाही.

प्रश्नांचा काही ठरलेला साचा आहे का?

दोन चालतात. ऑफिसात बसून, निवांत बोलताना व्हिटमोर यांच्यामुळे गाजलेला ‘ग्रो’: काय साधायचंय, आत्ता स्थिती काय आहे, कोणकोणते मार्ग आहेत, आणि यातलं तू काय, कधी करणार. शॉप फ्लोअरवर मात्र टोयोटाच्या कामाच्या पद्धतीवरून माइक रॉदर यांनी मांडलेले पाच प्रश्न जास्त पकड देतात. मराठीत असे छापून घ्या: कुठे पोचायचंय? आत्ता नेमकं काय चाललंय? मधे काय काय अडतंय, आणि त्यातलं आत्ता कशाला हात घालतोयस? पुढचं पाऊल काय, आणि त्यातून काय होईल असं वाटतं? ते बघायला आपण कधी जायचं? खिशात मावेल एवढं कार्ड करा. मागच्या बाजूला मागच्या पावलाचा हिशेब: काय करायचं ठरलं होतं, काय होईल वाटलं होतं, काय झालं, काय कळलं.

कार्ड हातात धरून वाचायला सुपरवायझर लाजतात. पहिले तीन आठवडे वाचूच द्या. पाठ झाल्याशिवाय सूर लागत नाही.

आम्ही प्रश्न विचारतो, पण समोरचा अंग चोरतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा मराठीच नडते. ‘असं का केलंस?’ हा आपल्याकडे प्रश्न नसून दटावणी असते. लहानपणापासून तो त्याच सुरात ऐकलेला. त्याजागी ‘काय बघून ठरवलंस?’ विचारा, माहिती तीच मिळेल आणि मान खाली जाणार नाही. दुसरी खोड: ‘तुला नाही वाटत, इन्सर्ट बदलायला हवा होता?’ हा प्रश्नाची टोपी घातलेला हुकूम आहे. समोरच्याला लगेच ओळखू येतो. सांगायचंच असेल तर सरळ सांगा.

तिसरी गोष्ट शांतता. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सातपर्यंत मोजा. दोन-तीन सेकंदांत आपणच उत्तर देऊन मोकळे होतो आणि मग म्हणतो, पोरं बोलत नाहीत.

आणि ‘बघतो सर’, ‘करून टाकतो’, ‘होऊन जाईल’. ही उत्तरं ऐकली की संभाषण संपलं असं मानू नका, तिथूनच पुढे जा: कुठल्या मशिनवर? किती नगांवर? कधी? ‘होऊन जाईल’मध्ये करणारा माणूसच नसतो.

जागेचाही परिणाम होतो. केबिनमध्ये बोलावलं की काहीतरी चुकलंय असं अख्खी लाइन धरून चालते. मशिनजवळ, इन्स्पेक्शन टेबलापाशी किंवा चहाच्या वेळेआधी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बोला. एक उभा आणि एक बसलेला असं नको. वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहोच करा, मग तो हाताखाली का असेना. बिहार-ओडिशाकडच्या कंत्राटी मुलांशी हिंदीत बोला. तिथे मराठीचा आग्रह धरून उत्तरं मिळणार नाहीत.

कुठे कोचिंग करूच नये?

जिथे जीव जाऊ शकतो, तिथे. प्रेस शॉपमध्ये कुणी टू-हँड बटणाला जुगाड करून एका हाताने स्ट्रोक मारत असेल, मेंटेनन्सवाला लॉकआउट न करता, म्हणजे वीज तोडून कुलूप न लावता, पॅनलमध्ये हात घालत असेल, तर ‘तुला काय वाटतं’ विचारणं हा गुन्हाच. मशिन थांबवा, स्पष्ट सांगा. बोलणं नंतर.

गिऱ्हाइकाकडे खराब माल गेला असेल तर आधी माल वेगळा करा, तपासा, बदली पाठवा. कारणाचा शोध दुसऱ्या दिवशी. रात्री दोनला सर्व्हर पडला असेल तरी तेच.

अगदी नव्या माणसालाही प्रश्नांनी छळू नका. ज्याला काम माहीतच नाही त्याला ‘काय करशील’ विचारलं की तो फक्त ओशाळतो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना कायद्याने अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे ही मुलं तुमच्याकडे असणारच. त्यांच्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत अजून उत्तम: मनाची तयारी करा, करून दाखवा, त्याला करायला लावा, मग अधूनमधून बघत राहा. तिसऱ्या पायरीत त्याने काम करता करता प्रत्येक टप्पा आणि त्याचं कारण बोलून दाखवलं पाहिजे. नुसता हात चालला म्हणजे आलं असं नव्हे. काम आलं की मग प्रश्न.

टार्गेटच्या धबडग्यात वेळ कुठून आणायचा?

हिशेब करून बघा. आठ माणसं, प्रत्येकाला पंधरा दिवसांतून वीस मिनिटं. म्हणजे पंधरवड्याला १६० मिनिटं, आठवड्याला ८०, सहा दिवसांच्या आठवड्यात रोज साधारण तेरा. एका सुपरवायझरकडे पंचवीस-तीस माणसं असतील तर मात्र हे गणित बसत नाही. तिथे त्याने फक्त सेटर (मशिन जुळवून देणारे) आणि लाइन लीडर यांच्याशी बोलावं, पुढे त्यांनी आपापल्या माणसांशी.

वेळ शिल्लक राहिला तर करू, असं म्हटलं की तो राहत नाही. वार आणि घड्याळाची वेळ ठरवा. शिफ्ट बदलताना नको. तेव्हा एकाचं लक्ष बसकडे आणि दुसऱ्याचं हजेरीकडे. भोसरी-पिंपरीत गुरुवारची सुट्टी असेल तर शुक्रवारची सकाळही टाळा, सुट्टीनंतर मशिनं सुरू करण्याची रड तेव्हाच असते. पाळीचे पहिले दोन तास सरल्यावर, जेवणाच्या आधीची वेळ सगळ्यात बरी.

सुरुवात कशी करावी?

अख्ख्या कंपनीत एकदम नको. सहा ते आठ सुपरवायझर किंवा लीड, शक्यतो एकाच विभागातले, आणि बारा आठवडे.

सुरू करण्याआधी दोन आठवडे प्रत्येकाने एक साधा कागद खिशात ठेवायचा: ‘काय करू’ म्हणून कोण आलं, कशासाठी, आणि मी काय केलं. दर वेळी एक रेघ मारायची, बस. हा कागद पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो. मग एक दिवसाचं प्रशिक्षण, तेही दोन अर्ध्या दिवसांत तोडून, मधे आठवडाभर अंतर ठेवून. पहिल्या अर्ध्या दिवशी फक्त ऐकणं आणि प्रश्न, तेही स्वतःच्या खऱ्या अडचणींवर. नाटकातले प्रसंग नकोत. मधल्या आठवड्यात प्रत्येकाने तीन संभाषणं करायची. दुसरा अर्धा दिवस त्यात जे फसलं त्यावर.

तिसऱ्या आठवड्यापासून जोड्या. ‘अ’ आपल्या माणसाशी बोलतो, ‘ब’ तीन हात लांब उभा राहून दोनच गोष्टी टिपतो: किती प्रश्न विचारले, आणि पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला. संपल्यावर पाच मिनिटं बोलणं. सगळ्या कार्यक्रमात हा भाग सर्वांत जास्त शिकवतो, आणि गर्दी झाली की पहिल्यांदा हाच कापला जातो. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांची पंचेचाळीस मिनिटांची बैठक. प्लांट हेडने तिथे यावं, शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीपासून बसला तर बाकीचे त्याच्याकडे बघून बोलतात.

पंचवीस वर्षं झालेले सुपरवायझर म्हणतात, ‘आम्हाला कुणी विचारलं होतं का?’

त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लोखंडी पाने फेकून मारणारे साहेब त्यांनी बघितलेत. शिवाय कुठलं मशिन कुठे कुरकुरतं हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, यावरच त्यांची किंमत ठरत आलेली. ती माहिती वाटली तर आपण उरतो कशाला, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही. तेव्हा त्यांच्यावर भाषणं झोडू नका. आधी वरिष्ठाने त्यांच्याशी तसं बोलायचं: ‘तुमच्या लाइनवर मला काय दिसत नाहीये?’ स्वतःला कुणी नीट विचारल्याशिवाय माणूस दुसऱ्याला विचारत नाही. दुसरं, कुणाच्या हाताखालचे किती सेटर तयार झाले हे बढतीच्या चर्चेत उघडपणे मोजा.

एक-दोघं तरीही बदलणार नाहीत. त्यांना तांत्रिक कामात ठेवा, टूल रूममध्ये त्यांचं सोनं होतं. माणसं हाताळायला देऊ नका.

आयटी टीममध्ये हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, जागा वेगळी. तिथे कोचिंग मरतं ते कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो तिथे. सीनियरला चूक दिसते, तो स्वतःच चार ओळी लिहून देतो, ज्युनियर चिकटवतो, पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत, तीच चूक. त्याऐवजी कॉमेंट अशी टाका: ‘हा कॉल फेल झाला तर युझरला काय दिसेल?’ रिलीज संध्याकाळी असेल तर मात्र दुरुस्ती सांगून मोकळे व्हा.

वन-ऑन-वन, म्हणजे दोघांपुरतं बोलणं, अर्ध्या तासाचं ठेवा आणि विषय ज्युनियरने आणायचा. ‘टिकेट कुठपर्यंत आलं?’ हा प्रश्न तिथे बंद, त्याला स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणाऱ्यांचा कॉरिडॉरमधला संवाद बुडतो, म्हणून त्यांची वेळ कधीही पुढे ढकलू नका. एकदा ढकललेलं वन-ऑन-वन सहसा परत येत नाही.

बाहेरचा कोच बोलवावा का?

वरच्या चार-पाच जणांसाठी, हो. ज्यांना वरिष्ठ नावापुरताच उरलाय, त्यांना दुसरा कोण विचारणार? संस्कृती मात्र बाहेरून आणता येत नाही. निवडताना इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची पातळी विचारा: एसीसी, पीसीसी, एमसीसी अशा तीन चढत्या पातळ्या आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २,५००. प्रमाणपत्र म्हणजे गॅरंटी नव्हे, पण ‘लाइफ कोच’ची पाटी लावलेल्या कुणाहीपेक्षा बरं. सुरुवातीला कोच, तो अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ अशी तिघांची बैठक घ्या. उद्दिष्टं तिथे ठरतात. त्यानंतर कंपनीला फक्त बैठका झाल्या की नाही एवढंच कळेल. आतलं बोलणं नाही. हे लेखी करा.

अ‍ॅप्रेझलशी जोडावं का? आणि बोललेलं गुप्त राहतं का?

जोडू नका. मी अडलोय असं सांगितल्यावर एप्रिलमध्ये रेटिंग घसरणार असेल, तर पुढच्या वेळी सगळं ‘छान चाललंय’. नोंद ठेवायची तर एका ओळीची: पुढचं पाऊल आणि तारीख. ती वही त्या माणसाकडेच राहू द्या.

गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच दिवशी सांगाव्यात. सुरक्षेचा धोका, चोरी-लाच आणि लैंगिक छळ. शेवटच्या बाबतीत सुपरवायझरने ‘आपण बोलून बघू’ म्हणत कोच व्हायचं नाही. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार सांगणाऱ्या बाईंना त्या समितीपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम.

उपयोग झाला हे मोजायचं कसं?

किती बैठका झाल्या हे मोजू नका. ते मोजायला घेतलं की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळं रजिस्टर एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेलं मिळतं. सुरुवातीचा रेघांचा कागद काढा आणि बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा दोन आठवडे तोच भरा. येणारे कमी झाले का, हे बघाच. पण येताना काय घेऊन येतात ते जास्त महत्त्वाचं. ‘काय करू’च्या जागी ‘असं करतोय, चालेल ना’ ऐकू येऊ लागलं तर गाडी रुळावर आहे. जोडीला एकच आकडा धरा, उदाहरणार्थ एकाच कारणाने पुन्हा आलेलं रिजेक्शन. एकूण उत्पादनाशी नातं जोडायला जाऊ नका. ऑर्डर, कच्चा माल, वीज अशी दहा कारणं त्यात मिसळलेली असतात.

आमच्याकडे पंचवीसच माणसं. एचआर नाही, मालक म्हणजे मीच. आम्हाला काय?

तुमचं सोपं आहे, आणि अवघडही, कारण सगळे प्रश्न तुमच्याच फोनवर येतात. फोनपासूनच सुरू करा. फोरमनचा फोन आला की पहिलं वाक्य: ‘मी फोन उचलला नसता तर काय केलं असतं?’ तो जे सांगेल ते साठ-सत्तर टक्के बरोबर वाटलं तर ‘कर’ म्हणा, तुमचा मार्ग त्याहून सरस असला तरी. मग रुपयांत मर्यादा घालून द्या. अमुक रकमेपर्यंतची खरेदी, इन्सर्ट, बेअरिंग, बाहेरचं ग्राइंडिंग, त्याने न विचारता करायचं आणि संध्याकाळी सांगायचं. चुकलं तर पैसे त्याच्या पगारातून कापायचे नाहीत. एकदा कापलेत, की पुढची पाच वर्षं प्रत्येक बोल्टसाठी फोन येईल.

वर्षात कधी सुरू करावं?

मार्चएंडला नाही, एप्रिलच्या अ‍ॅप्रेझलमध्ये नाही. बारा आठवडे सलग हवेत. गणपतीत निम्मी लाइन गावाला असते, दिवाळीत कारखाना बंद. उरतात दोन जागा: गणपती उशिरा असतील त्या वर्षी जूनच्या मध्यापासून, पालखी पुण्यातून जाते ते दिवस वगळून, किंवा दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. रेघांचा कागद त्याच्या दोन आठवडे आधी वाटावा लागतो. दिवाळीनंतरची जागा धरली असेल तर तो दिवाळीआधी छापून घ्या, आणि सुट्टीचे दिवस त्यात मोजू नका.